पिंजरा नंबर सातची पी.टी.

संभाजी निकम फौजेत होते तोवर प्रताप नगर सुखात होतं.

चोवीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा वर्षं पी.टी.चे उस्ताद. शेवटचं पोस्टिंग जयपूरला मिळालं आणि तिथंच प्रताप नगरात त्यांनी हाउसिंग बोर्डाचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गाव साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. भाऊ म्हणत होते, ये परत. पण मालनबाईंना गावी उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची नव्हती, आणि घरात शेवटचा शब्द मालनबाईंचा असायचा. हवालदारसाहेब घराबाहेर दोनशे जणांना पळवत असले तरी घरात सावधानच असत.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला ते कॉलनीच्या बागेत गेले. तिथं सहा-सात पेन्शनर शुगरच्या गप्पा मारत, चपला ओढत फेऱ्या घालत होते. आता ज्या माणसानं अकरा वर्षं ओढलेल्या चपलेचा आवाज ऐकला नाही त्याला हे कसं सोसावं? तिसऱ्या दिवशी ती मंडळी दोन रांगांत चालू लागली. पाचव्या दिवशी हात खांद्याच्या उंचीपर्यंत यायला लागले. आठव्या दिवशी बागेत कुणीच नव्हतं, सगळे रस्ता ओलांडून पलीकडच्या सेक्टरच्या बागेत जायला लागले होते. मग एका कोचिंग क्लासच्या दारावर गार्डची नोकरी मिळाली. उशिरा येणाऱ्या पोरांना त्यांनी इमारतीभोवती तीन चकरा मारायला लावल्या, आणि नोकरी नवव्या दिवशी गेली.

माणूस वाईट नव्हता हो. फक्त कुणी वाकून उभं राहिलेलं त्यांना बघवत नसे, आणि कुणाचा दम लागला तर त्यांचा जीव कासावीस होई. तो दम वाढवावा कसा याखेरीज दुसरा विचारच डोक्यात येत नसे. जित्याची खोड ती. सात-आठ महिने घरात बसून त्यांनी मालनबाईंच्या डब्यांना उंचीनुसार रांगेत लावलं, तेव्हा मालनबाईंनीच ओळखीपाळखीत विचारून सांगानेरच्या पुढं असलेल्या एका संशोधन संस्थेत त्यांची वर्णी लावली. काम काय, तर उंदरांची देखभाल. पिंजरे धुवायचे, पाणी भरायचं, भुसा बदलायचा.

उंदरांना रांगेत उभं करणार नाहीत ना, असं मालनबाईंनी निघताना विचारलं होतं. ते हसले होते.

पहिले काही महिने तर स्वर्गच. उंदरांच्या खोलीचे नियम फौजेपेक्षा कडक होते आणि संभाजीरावांना त्याचाच आनंद. बाहेरचं खाणं आत नाही. मोठा आवाज नाही. अत्तर, तेल, उग्र वास नाही, म्हणून त्यांनी डोक्याला खोबरेल लावणं बंद केलं. कपडे बदलूनच आत जायचं, आणि आत नेण्याची प्रत्येक वस्तू आधी वाफेच्या मोठ्या यंत्रातून काढायची. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस आणि आत बावीस. उंदरांना एशी आणि बायकोला कूलर, असं मालनबाई शेजारणींना सांगत.

खोलीची खरी मालकीण प्रियंका. प्रियंका वानखेडे, शास्त्री नगरला राहणारी, वडील रेल्वेत, मूळचे अकोल्याचे. पोरगी जयपुरात वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत दर तिसऱ्या शब्दाला 'मतलब' यायचं आणि देवनागरी ती हिंदीच्या शाळेतून शिकलेली. तीन वर्षं ती पीएच.डी. करत होती. खोलीत मराठी बोलणारं कुणी आहे म्हटल्यावर तिनं पहिल्याच दिवशी त्यांना काका करून टाकलं.

तिचे उंदीर दोन जातीचे. डाव्या भिंतीला साधे, उजव्या भिंतीला बिघडलेले. बिघाड म्हणजे दिसायला काही नाही. पण आडव्या तारेला लोंबकळायला लावलं की डावीकडचा उंदीर तीन-तीन मिनिटं लटकून राही आणि उजवीकडचा वीस सेकंदांत खालच्या भुशात पडे. पडला की जरा वेळ तसाच बसून राही. सात नंबरच्या पिंजऱ्यातले चार तर पंधरा सेकंदांच्या वर कधी गेले नाहीत. दर आठवड्याला प्रियंका स्टॉपवॉच घेऊन हे लिहून घेई, आणि संभाजीराव शेजारी उभे राहून आतल्या आत तुटत.

त्यांनी एकदा विचारलं, यांना खुराक कमी पडतो का. तेव्हा प्रियंकानं त्यांना नीट बसवून समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळ्या हुकमांची एकच मोठी फाइल असते. त्यातला एकेक हुकूम म्हणजे एकेक जीन. फाइल सगळीकडे तीच, पण कोणत्या जागी कोणता हुकूम वाचून दाखवायचा आणि किती जोरात, हे त्या-त्या वेळी ठरतं. त्या वाचण्याला म्हणतात एक्स्प्रेशन. या उंदरांच्या एका जीनमध्ये एक अक्षर चुकलेलं आहे, जन्मापासून. आणि तिला बघायचं होतं की त्या एका चुकीमुळं स्नायूमधले बाकीचे कुठले जीन गप्प होतात आणि कुठले ओरडायला लागतात.

हे संभाजीरावांना इतकं झटकन कळलं की प्रियंका चकित झाली. त्यांच्या एका युनिटमध्ये हुकमात लांगरीची, म्हणजे आचाऱ्याची, वेळ पाचऐवजी पंधरा छापून आली होती. लांगरी दुपारी तीनला उगवला. मग नाश्ता नाही, म्हणून पी.टी. पुढं गेली, उन्हात पी.टी. झाली म्हणून एम.आय. रूम, म्हणजे दवाखाना, भरला, आणि गेटबाहेरच्या चहावाल्यानं त्या महिन्यात नवी सायकल घेतली.

"म्हंजे चूक एका जागी आन् बोंब सगळीकडं," ते म्हणाले.

प्रियंकानं ते वाक्य चिठ्ठीवर लिहून आपल्या टेबलावर चिकटवलं. हिंदीत 'बोंब'ला काय म्हणायचं यावर तिनं अर्धा दिवस घालवला.

सगळं कळलं खरं, पण एक गोष्ट उस्तादांच्या डोक्यात शिरली नाही. अक्षर चुकलं ते समजलं, आता पुढं काय? फौजेत जो रिक्रूट दोरावर चढू शकत नाही त्याला घरी पाठवत नाहीत. त्याला वीक स्क्वॉडमध्ये घालतात आणि बाकीचे झोपलेले असताना त्याची जास्तीची पी.टी. घेतात. उस्तादांच्या हाताखालून गेलेल्या वीक स्क्वॉडमधले दोघे पुढं सुभेदार झाले होते. त्यांनी नियमांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. खाणं मना, आवाज मना, वास मना. पी.टी. मना असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मालनबाईंची पिठाची चाळण हरवली.

ती वाफेच्या यंत्रातून रीतसर काढून, मधोमध खिळा ठोकून, तिचं फिरतं चाक झालं होतं. खोलीतले दिवे आपोआप सातला लागत. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून संभाजीराव सहाला यायचे. लाल बारीक बल्बच्या उजेडात उजव्या भिंतीचे उंदीर एकेक करून चाळणीत उतरायचे आणि पी.टी. सुरू व्हायची. ज्या आवाजानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा रिक्रूट दचकायचा त्या आवाजात ते आता कुजबुजत, एक-दो-एक, एक-दो-एक. आवाज मना होता ना. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, मग चार, मग सहा. दमला की लगेच थांबवायचं, कारण चांगला उस्ताद माणूस मोडत नाही. शेवटी तारेवर लोंबकळणं. पडला तर हातात झेलायचं आणि पाठीवर एका बोटानं थोपटायचं. पावणेसातला चाळण कपाटात, उंदीर पिंजऱ्यात, उस्ताद झाडू घेऊन हजर.

दीड महिन्यात सात नंबरचे चार जण पंधरा सेकंदांवरून पन्नासवर गेले. प्रियंकाच्या स्टॉपवॉचवरही ते दिसलं. वयानुसार शरीर आपलं आपण सावरून घेतंय, असं तिनं लिहिलं. संभाजीराव त्या दिवशी घरी गेले ते गाणं गुणगुणत. त्याच संध्याकाळी मालनबाईंच्या पिंजऱ्यात घरचा एक उंदीर सापडला होता. साहेबांनी त्याला शेपटीला धरून बारकाईनं पाहिलं, हा पास आहे म्हणाले आणि मागच्या नाल्याशी सोडून आले. मालनबाईंना वाटलं, ऊन बाधलं.

मग स्नायूंचे नमुने तपासायला गेले. उंदरांचं पुढं काय होतं ते संभाजीरावांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या दिवशी ते बाहेर पायरीवर बसून राहिले.

निकाल तीन आठवड्यांनी आला आणि प्रियंका मावा कचोरीचा डबा घेऊन धावत आली. तिच्या गाइड, डॉ. अमिता माथुर, ज्या तीन वर्षांत कधी हसल्या नव्हत्या, त्याही हसल्या होत्या म्हणे. उजव्या भिंतीच्या उंदरांच्या स्नायूत असे काही जीन जोरात ओरडत होते, जे एरवी फक्त पळणाऱ्या, कसरत करणाऱ्या जनावरांत ओरडतात. म्हणजे चुकलेल्या अक्षरानं स्वतःच ते जागे केले होते. हे आजवर कुणाला दिसलं नव्हतं. पेपर निघणार होता, तिला पुण्याच्या परिषदेत बोलायला बोलावणं येणार होतं.

"काका, मतलब विचार करा ना," ती म्हणाली. "हे आपले उंदीर एक पाऊल पण पळाले नाहीत."

संभाजीरावांच्या तोंडातली कचोरी तिथंच राहिली. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथं तीन वर्षं उंदीर पोखरून शेवटी मालनबाईंची चाळण निघाली होती, आणि ते एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. बोललं तर पोरीची तीन वर्षं पाण्यात आणि आपली नोकरी गेली. पुन्हा डबे रांगेत लावायचे. नाही बोललं तर कुणाला कळणारही नाही, कारण उंदीर काही सांगायला येणार नव्हते. तिसऱ्या दिवशी मालनबाईंनी त्यांनी डब्याच्या पिशवीतून गुपचूप परत आणलेली आपली चाळण पाहिली. मधोमध भोक. मग सगळं बाहेर आलं.

मालनबाई आधी इतक्या हसल्या की भिंतीला टेकून खाली बसल्या. उंदरांची पी.टी. कोणी घेतं का, म्हणाल्या, आणि ते कुजबुजत एक-दो-एक कसं म्हणायचे ते त्यांनी तीनदा करून दाखवायला लावलं. मग डोळे पुसून त्यांनी चाळण बाजूला ठेवली.

"आवं, खोट्या पत्रिकेवर जमवलेलं लगीन किती दिस टिकंल?" त्या म्हणाल्या. "उद्या ती पोरगी चारचौघांत उभी ऱ्हाईल, आन् कुणीतरी म्हनंल, आमच्याकडं तर आसं होईना. मग तिनं कुणाकडं बघायचं?"

संभाजीरावांनी रात्री बसून लेखी निवेदन तयार केलं, फौजी रिवाजानं. नाव, गाव, हुद्दा, मग मी असे लिहून देतो की. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ते प्रियंकासमोर सावधानमध्ये उभे राहिले आणि कागद पुढं केला.

तोंडी सांगितलं असतं तर दोन मिनिटांत आटोपलं असतं. पण कागद मराठीत होता, तोही साताऱ्याच्या हवालदारी वळणाचा, आणि पोरगी एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत चालली. सदर. उंदीर. पिंजरा. क्रमांक. सात. चाळणीत. घालून. चाळण म्हणजे काय, असं तिनं मधेच विचारलं. त्यांनी समोर बघत सांगितलं, पीठ चाळतात ती. ती पुन्हा वाचायला लागली. शेवटच्या ओळीला तिचं बोट थांबलं, तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की संभाजीरावांना वाटलं, आपण मेलो असतो तर बरं.

ती ओरडली नाही. कागद घेऊन डॉ. माथुरांकडे गेली. पाच मिनिटांनी त्यांनाही आत बोलावलं.

डॉ. माथुरांनी हिंदीत विचारलं, किती दिवस, रोज किती मिनिटं, कोणते पिंजरे. संभाजीरावांनी एकेक पिंजऱ्याचा तोंडपाठ हिशेब दिला. कोण दमायचा, कोण कामचोर होता, कोणाला उजवं मागचं पाऊल टाकायला त्रास व्हायचा. बाई लिहीत राहिल्या. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, और नॉर्मल चूहे? उनको भी?

"नहीं मैडम," संभाजीराव म्हणाले. "वो तो पास थे."

बाईंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही भिंतींना सारखी पी.टी. झाली असती तर निदान तुलना तरी उरली असती. आता डावी-उजवीत फरक दिसला तो अक्षराचा की चाळणीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

कमिटी बसली. उंदरांना व्यायाम देण्याचं कारण लेखी द्यावं, असं पत्र आलं. संभाजीरावांनी दोन दिवस विचार करून एका ओळीत उत्तर दिलं: ते कमजोर होते. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांना त्यावर ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं म्हणतात. काढून टाकायचा ठराव जवळजवळ झालाच होता. डॉ. माथुरांनी तो अडवला. चूक करून लपवणारी माणसं त्यांना आयुष्यात खूप भेटली होती, कागद लिहून आणून देणारा हा पहिलाच.

प्रियंकानं मात्र बोलणं टाकलं. काका तर सोडाच, निकमजी सुद्धा नाही. पिंजरा धुवायचा असला की ती नुसतं बोटानं दाखवी. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी ती त्यांच्या स्टुलाशेजारी येऊन बसली आणि भिंतीकडे बघत सांगायला लागली. प्रयोग नव्यानं करायचा ठरलं होतं. नवे उंदीर जन्मायचे, वाढायचे, मतलब वर्ष गेलंच. पण आता तीन भिंती असणार. साधे, बिघडलेले, आणि बिघडलेले पण पी.टी. घेतलेले. मोटरचं खरं चाक येणार होतं. अक्षरामुळं काय होतं आणि कसरतीमुळं काय होतं, दोन्ही वेगळं कळेल. डॉ. माथुर म्हणाल्या होत्या, आधीच्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. वर्षभर उशिरा सुचला एवढंच.

पी.टी.ची भिंत तिनं संभाजीरावांना द्यायचं ठरवलं होतं. बाकीच्या दोन भंवरलालला. भंवरलाल नवा माणूस, चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, येणारा, रोज येताना वाटेत कबुतरांना दाणे टाकून येई. भला माणूस.

संभाजीराव स्टुलावरून उठून उभे राहिले.

"पी.टी. भंवरलालला दे," ते म्हणाले. "मोटरच्या चाकावर कुणीबी पी.टी. घेतंय. ज्यांना द्यायची न्हाई, ते माझ्याकडं ठेव."

प्रियंकाला कळेना. तिनं विचारलं, का.

"त्यो मऊ मानूस हाय. एक दिवस त्याला दया यील. मला येऊन चुकली हाय. त्या दयेपायी किती वर्षं वाया जात्यात ते म्या बघितलंय."

तेव्हापासून नव्या सात नंबरसमोर संभाजीराव निकम पहाटे सहाला स्टुलावर बसतात, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पलीकडच्या भिंतीला भंवरलालचं चाक फिरत असतं आणि तो चुकीच्या तालात मोजत असतो, तेही सोसतात. सात नंबरमध्ये एक फार बारकं पिल्लू आहे. ते जाळीला धरून वर चढतं, अर्ध्यावर हात सुटतो, भुशात पडतं, आणि जरा वेळानं पुन्हा उठतं. उस्तादांचे ओठ हलतात, पण आवाज बाहेर येत नाही. चोवीस वर्षांच्या फौजेत इतकी कडक ड्यूटी त्यांनी केली नव्हती, असं ते मालनबाईंना सांगतात. मालनबाई आता हसत नाहीत, गरम भाकरी वाढतात.

पहिल्या दिवशी नऊला प्रियंका वही घेऊन आली आणि नियमानं तिनं विचारलं, आज यांना काय केलं.

ज्या माणसानं जन्मभर रिपोर्ट दिला तो काम झालं म्हणूनच दिला, त्याला उभं राहायला थोडा वेळ लागला. पिल्लू तेवढ्यात पुन्हा पडलं. त्यांनी तिकडं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हात पुढं झाला असता.

"काही नाही केलं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

प्रियंकानं रकान्यात 'व्यायाम: नाही' असं लिहिलं, आपली सही केली, आणि वही त्यांच्याकडे फिरवून म्हणाली, काका, इथं तुमची.